तुमचा ‘सी’ केवढा?

तीर्थरूप दादा यांस,

धाकट्या बहिणीचा नमस्कार. (एका हातात पेन आहे, त्यामुळे हा नमस्कार अर्धाच समज. उरलेला अर्धा वहिनीला, तिचा माझ्यावर हक्क जास्त.) वरचं ‘तीर्थरूप’ आणि ‘यांस’ हे बाबांनी लहानपणी घोटून घेतलेलं, हातातून आपोआप उतरतं. इथून खाली तू पुन्हा नेहमीचा तू. गुडघा काय म्हणतोय? दुकानातल्या शिडीवर स्वतः चढायचं सोडलंस, की वहिनीला तसं सांगून अजून चढतोसच? वहिनीची मान बरी असेल अशी आशा करते. बाबा कानातलं नवं मशीन लावतात, की ते डबीत जपून ठेवून ‘मला सगळं ऐकू येतं, लोकच हल्ली पुटपुटतात’ हे चालू आहे? आम्ही इकडे मजेत. मजेत म्हणजे छप्पर गळत नाही आणि दोघांनाही जेवण जातं. या वयात मजेची व्याख्या फार ताणू नये.

पत्र बघून दचकला असशील. फोन सोडून पत्र, आणि तेही घरी नाही, दुकानाच्या पत्त्यावर. काय करू, तुझ्या घरात फोन वाजला की बाबा आधी ‘कोण’ विचारतात, मग ‘स्पीकरवर टाक’ म्हणतात, आणि मग आपण दोघं प्रार्थनेला उभं राहिल्यासारखे ‘हो, बरंय, इकडे ऊन आहे’ असं बोलतो. दुकानात फोन करावा तर दोन वाक्यांत तुला गिऱ्हाईक येतं. मला जे सांगायचंय ते असं सांगण्यासारखं नाही. तेव्हा आधी सांगूनच टाकते: प्रोफेसरची जागा मला मिळाली नाही. निकाल लागून बरेच दिवस झाले. बाबा दर रविवारी विचारतात, मी दर रविवारी ‘अजून कागद फिरताहेत’ म्हणते. कागद कुठेही फिरत नाहीयेत, मीच फिरतेय. कसं काय झालं ते सविस्तर लिहिते, म्हणजे तुलाही हसायला येईल. फक्त बाबांना यातलं अक्षर कळू देऊ नकोस.

तुला कारण सांगायला नको, पण लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. बाबांनी ती जागा मला मनातल्या मनात कधीच देऊन टाकली आहे. गेल्या खेपेला मी तिकडे आले होते तेव्हा त्यांच्या सकाळच्या फिरायच्या मंडळींपैकी एक आजोबा मला ‘या प्रोफेसरबाई’ म्हणाले, आणि बाबा लगेच समोरच्या झाडाकडे अशा कौतुकाने बघायला लागले की जणू ते झाड त्यांनीच लावलंय. त्यांना स्वतःला पुढं शिकायचं होतं. आपले आजोबा गेले, पाठची भावंडं पदरात आली, आणि बाबा शाळेत गणित शिकवायला लागले ते निवृत्त होईपर्यंत शिकवतच राहिले. हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, आत्या सांगायची. आता त्यात हृदयाचं ते ऑपरेशन, आणि डॉक्टरांचं ‘एकदम धक्का बसेल असं काही नको’. मला ती जागा माझ्यासाठी हवी होती, खोटं कशाला बोलू. पण त्यांच्यासाठी जास्त हवी होती.

बरं. मी नोकरीत नेमकं काय करते हे तू गेली कित्येक वर्षं विचारतोस आणि मी सांगायला लागले की तुला दुकानात माल आलेला असतो. आज पत्र आहे, पळून जायची सोय नाही. माझा विषय गणितातलं विश्लेषण. समज, तुझ्या नळ-पाइपांच्या दुकानात एक गिऱ्हाईक आलं आणि म्हणालं, या नळाशी पाण्याचा दाब जास्तीत जास्त किती येईल? तू म्हणशील, टाकी किती उंच आहे त्यावर आहे. झालं, हाच माझा धंदा. मी फक्त एवढं सिद्ध करते की दाब हा टाकीच्या उंचीच्या ‘सी’ पटीपेक्षा जास्त होणार नाही, मग टाकी कोणाचीही असो. हा सी म्हणजे एक ठरलेला आकडा, ज्याला आम्ही स्थिरांक म्हणतो. केवढा आकडा? ते आमच्यात विचारत नाहीत. माझे सर म्हणायचे, सी केवढा असं विचारणं म्हणजे पाहुण्याला दारातच पगार विचारणं. आहे, आणि तो अनंत नाही, एवढ्यावर सभ्य माणसाने समाधान मानावं. आणि आमची आणखी एक रीत आहे, ती ऐकून तू मला दुकानात हिशेबाला बसवणार नाहीस. पहिल्या ओळीत सी असतो. दुसऱ्या ओळीत त्याची दुप्पट होते, आम्ही पुन्हा सीच लिहितो. तिसरीत त्यात सात मिसळतात, तरी सीच. सुरुवातीला एक वाक्य टाकलेलं असतं की सी ओळीओळीला बदलेल, वाचकाने मनावर घेऊ नये. जगभर असंच चालतं, कोणी नावं ठेवत नाही. अट एकच: तो सी टाकी बघून बदलता कामा नये. टाकी बदलली की सी बदलला, तर तो स्थिरांक नव्हे, ती नुसती थाप.

ही सवय कॉलेजात ठीक, घरी नेली की संसाराचं भजं होतं. त्यात तुझे मेहुणे जमिनी मोजणारे. त्यांना वीतभर इकडचं तिकडे झालं तर झोप लागत नाही, आणि मला आकडा मर्यादित आहे एवढं कळलं की पुढे काही वाटतच नाही. ‘घरी कधी येशील’ विचारलं तर मी ‘येईन’ म्हणते. मागे पुस्तकांसाठी एक मोठं कपाट मी परस्पर घेतलं. ते आमच्या खोलीत मावतं हे मी नीट विचार करून काढलं होतं आणि ते अगदी खरं होतं. फक्त ते दारातून आत जातं का, हा प्रश्न वेगळा निघाला. ते अजून जिन्याच्या वळणावर उभं आहे. वरच्या मजल्यावरचे लोक त्यात चपला ठेवतात. मेहुण्यांनी त्या दिवशी नुसती टेप काढली, दार मोजलं, कपाट मोजलं, आणि टेप परत डबीत सोडली. तो टेपचा खट्ट असा आवाज मला अजून ऐकू येतो.

तर अशी मी, पण या रीतीवरच माझं सगळं उभं राहिलं. शिकून बाहेर पडले तेव्हा पहिली काही वर्षं मिळेल तिथे शिकवलं. एका ठिकाणी माझी खोली तळघरात, पाणी तापवायच्या बंबाशेजारी होती. विद्यार्थी शंका विचारायला यायचे आणि घाम पुसत शंका न विचारताच जायचे. एका परिषदेत माझ्या भाषणाला तीन माणसं होती. त्यातला एक दिवे बघणारा, दुसरा पुढच्या भाषणाला जागा धरून बसलेला, आणि तिसऱ्याने शेवटी विचारलं की हे पाकशास्त्राचं दालन ना. अशा दिवसांतच मला माझं प्रमेय सापडलं. थरथरणारा पातळ पत्रा घे. त्याच्या कडेला जेवढी थरथर, तिच्या सी पटीपेक्षा जास्त थरथर मधे कुठेही होणार नाही, पत्रा कितीही वेडावाकडा असो. सिद्ध कसं करायचं, तर पत्र्याचे बारीक बारीक तुकडे कल्पायचे, एकेकाचा अंदाज घ्यायचा आणि बेरीज. आमच्या या गल्लीत जगभरची मिळून एक बस भरेल एवढीच माणसं आहेत (काही उभी), पण त्या बसमध्ये माझं नाव झालं. लोक आपल्या लिखाणात ‘बाईंच्या असमानतेवरून’ असं लिहायला लागले. (‘हे त्यापेक्षा जास्त नाही’ अशा विधानाला आम्ही असमानता म्हणतो.) तेवढ्यावर मला इथली कायमची नोकरी मिळाली, आणि तेवढ्यावरच मी प्रोफेसरच्या जागेला अर्ज केला.

जागा एक आणि अर्ज दोन. दुसरा अर्ज माझ्याच खोलीतून गेलेला. माझ्या समोरच्या टेबलावर बसणारे सहकारी, ज्यांना सगळे खडू म्हणतात, कारण त्यांच्या कोटाची मूळची रंगछटा काय होती याबद्दल विभागात दोन तट आहेत. माणूस लाखात एक. आम्ही एकमेकांना मुलाखतीची तयारी करून दिली. त्यांनी मला आडवेतिडवे प्रश्न विचारले, मी त्यांना कोट झटकून दिला. (कोटाला फरक पडला नाही, मला शिंका आल्या.) मुलाखतीच्या दिवशी आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर लग्नघरातल्या व्याह्यांसारखे ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’ करत बसलो होतो. शेवटी शिपायानेच मला आत घातलं.

आत चौघं. आमचे विभागप्रमुख, जे बोलणाऱ्याच्या तोंडाकडे न बघता भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतात. इतिहासाच्या एक बाई, ज्या गणिताला घाबरतात आणि म्हणून प्रत्येक वाक्याला मान डोलावतात. बाहेरून आलेले आमच्या विषयातले ज्येष्ठ तज्ज्ञ, बसमधले पहिल्या सीटवरचे, जे मी ‘नमस्कार’ म्हटल्याबरोबर झोपले. आणि एक पूल बांधणारे इंजिनियर. हल्ली समितीत बाहेरच्या जगातला एक माणूस घ्यायचा असतो, तो हा. मी माझं प्रमेय सांगितलं, छान सांगितलं. इतिहासबाईंची मान लयीत डोलत होती. घड्याळ पुढे सरकत होतं. विभागप्रमुखांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. जागा जवळजवळ माझ्या ओटीत येऊन पडली होती, दादा. आणि तेवढ्यात इंजिनियरांनी अगदी नम्रपणे विचारलं, “हा तुमचा सी केवढा?”

मी हसले. मला वाटलं गंमत करताहेत. मी म्हटलं, तो मर्यादित आहे. ते म्हणाले, ते कळलं, पण साधारण? दहा? दहा हजार? कारण पुलाच्या पत्र्याला फरक पडतो. इतक्या वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. सरांनी नाही, बसमधल्यांनी नाही, मी मलाही नाही. पण प्रश्न रास्त होता आणि हातात खडू होता. म्हटलं, काढूया, त्यात काय. फळ्यावर ओळीने सगळं मांडलं आणि प्रत्येक सीच्या जागी खरा आकडा लिहायला लागले. पहिल्या ओळीत दोन. दुसरीत चार. चौथीपर्यंत साठाच्या आसपास पोचले, पाचवीत जरा फुगला, पण फुगू दे. मला चक्क मजा यायला लागली. ज्या माणसाशी इतकी वर्षं नुसतं पत्रव्यवहारावर नातं, त्याला प्रत्यक्ष भेटल्यासारखं वाटत होतं.

सहाव्या ओळीत हात थांबला. तिथल्या सीमध्ये तुकड्यांची संख्या येऊन बसली होती. म्हणजे पत्र्याचे जितके जास्त तुकडे, तितका सी मोठा. आणि तुकडे तर बारीकच बारीक करत जायचे असतात, सिद्धतेचा सगळा जीव त्यात. म्हणजे तो कधीच स्थिर नव्हता. दर खेपेला टाकी बघून बदलत होता, आणि मी त्याला इतकी वर्षं एकाच अक्षराने हाक मारत असल्यामुळे मला ते दिसलंच नव्हतं. मागे वळून पाहिलं तर इतिहासबाई मान डोलावताहेत, तज्ज्ञ झोपलेले, विभागप्रमुख घड्याळात, आणि इंजिनियर पाचव्या ओळीतला आकडा उतरवून घेण्यात गुंतलेले. कोणाच्याही काही लक्षात आलेलं नव्हतं. डस्टर माझ्या डाव्या हातात होतं. सहावी ओळ पुसायची, ‘वगैरे वगैरे’ म्हणायचं, नमस्कार करून बाहेर यायचं. तुला खरं सांगते, मी डस्टर उचललं होतं. मला बाबा दिसत होते, त्या आजोबांबरोबर झाडाखाली उभे. आणि तरी मला ती ओळ पुसवेना. कारण काही थोर नाही. पुसली असती तर मला ती रोज दिसली असती, आणि मी ती कोणाला दाखवू शकले नसते. मी डस्टर खाली ठेवलं आणि म्हटलं, माफ करा, हे चूक आहे.

विभागप्रमुखांनी पहिल्यांदाच घड्याळावरून नजर काढली. भला माणूस आहे, त्यांनी मला सावरायचा प्रयत्न केला. म्हणाले, म्हणजे यावर अजून काम चालू आहे असं का? मी म्हटलं, नाही, काम संपलंय आणि ते चुकलंय. यावर तज्ज्ञ जागे झाले. त्यांनी चष्मा लावला, फळा वाचला, आणि त्यांचा चेहरा असा झाला की इतिहासबाईंनी त्यांच्याकडे पाण्याचा पेला सरकवला. ते म्हणाले, अहो, मी हे वापरलंय. कुठे, विचारलं, तर म्हणाले, सगळीकडे. बिचाऱ्यांची म्हातारपणीची सगळी इमारत माझ्या सहाव्या ओळीवर उभी. ते उठून फळ्याशी आले आणि म्हणाले की पत्र्याचे तुकडे चौकोनी न घेता गोल घेतले तर? मी म्हटलं, गोल घेतले तर मधे फटी राहतात. ते म्हणाले, फटी राहू देत. मी म्हटलं, मग बेरीज जुळणार कशी? आमची चांगलीच जुंपली. मधे कधीतरी चहा आला, तो आम्ही खिडकीत ठेवला आणि विसरलो. बाकीचे तिघं कधी उठले ते कळलं नाही. शेवटी खडूंची मुलाखत शेजारच्या खोलीत घ्यावी लागली, कारण या खोलीतला फळा आम्ही दोघं सोडत नव्हतो. एका भांडणापुरतं, दादा, मला जागेची आठवणही झाली नाही. घरी जाताना मात्र जिन्यातल्या त्या कपाटाला टेकून उभी राहिले आणि मग आठवण झाली.

जागा खडूंना मिळाली, आणि योग्य माणसाला मिळाली. ते निकालाच्या दिवशी माझ्यासमोर असे उभे राहिले की जणू त्यांनी माझा खिसा कापलाय. मला त्यांनाच चहा पाजून शांत करावं लागलं. त्यांना आता खिडकीची स्वतंत्र खोली आहे, तरी दुपारी येऊन जुन्या टेबलावर बसतात, म्हणतात तिकडचा फळा गुळगुळीत आहे. मी बसमधल्या सगळ्यांना आपली चूक कळवली. कोणी फार छान उत्तर पाठवलं, कोणी अबोला धरला. एकाने लिहिलं की मला ते पूर्वीच दिसलं होतं, पण मला वाटलं मीच ढ आहे. इंजिनियरांचाही फोन आला. पुलाच्या पत्र्याचे तुकडे ते काही फार बारीक करत नाहीत म्हणे, मग त्यांच्यापुरता आकडा निघेल का? काढून दिला. त्या आकड्याप्रमाणे त्यांचा पूल हलेल, पण इथून चंद्रापर्यंत हलणार नाही, एवढी खात्री माझं गणित देतं. त्यांनी गंभीरपणे आभार मानले आणि लिहून घेतलं.

तर असं हे रामायण. मला तसं फार वाईट वाटलेलं नाही, तू उगीच काळजी करू नकोस. सकाळी उठते, शिकवते, सहाव्या ओळीकडे बघत बसते. मेहुणे म्हणतात, निदान आता तू आकडा विचारायला लागलीस, परवा बाजारात तू दोऱ्याची लांबी विचारलीस तेव्हा मला भरून आलं. वहिनीला म्हणावं मानेला शेक दे आणि शिवणाला जरा सुट्टी दे. तू शिडीवर चढू नकोस. बाबांना माझा नमस्कार सांग, पण पत्र आल्याचं सांगू नकोस, म्हणजे नमस्कार कसा सांगायचा ते तूच बघ.

तुझी,
धाकटी

ता. क. वर ‘बाबांना कळू देऊ नकोस’ असं लिहिलंय ते खोडून टाक. एवढं लांबण लावलं ते खरं तर हे विचारायला: दादा, बाबांना तू सांगशील का? मला जमत नाही. रविवारी त्यांनी फोनवर विचारलं की मी लगेच इकडच्या उन्हाबद्दल बोलायला लागते. एकदम सांगू नकोस. आधी म्हण, यंदा जागाच भरणार नाहीत असं ऐकतोय. चार दिवसांनी म्हण, भरली वाटतं. मग म्हण, खडू नावाचे एक फार हुशार गृहस्थ आहेत. मग जरा थांब, त्यांचा चेहरा बघ, औषधाची वेळ टाळ, आणि मग सांग. आणि वाईट वाटून घेतलं तर मला कळव. नाही, नको कळवू. नाही, कळव.

ता. क. पुन्हा. पत्र पाकिटात घातलं होतं, चिकटवायचं राहिलं होतं, तर फोन आला आणि पलीकडे बाबा. स्वतः. तू दुकानात होतास म्हणे. इकडचं तिकडचं काही नाही, सरळ म्हणाले, “निकाल लागलाय ना? पास झालेली पोरं निकाल लपवत नाहीत. मी जन्मभर मास्तरकी केली, मला सांगतेस कागद फिरताहेत.” मग मी सगळं सांगून टाकलं. इंजिनियर, सी, सहावी ओळ, सगळं. पलीकडे बराच वेळ काही आवाजच नाही. मला धडकी भरली, तुझा दुकानातला नंबर कुठे लिहिलाय ते शोधायला लागले. मग त्यांनी विचारलं, चूक पकडली कोणी? म्हटलं, मीच. दुसऱ्या कोणाला दिसली नव्हती? म्हटलं, नाही. मग म्हणाले, “मिळालेले मार्क परत करायला येणारं पोरगं मी अख्ख्या नोकरीत शोधत होतो. एक सापडलं नाही. घरातच होतं म्हणायचं.” एवढं म्हणून, मशीन शिट्टी वाजवतंय असं सांगून फोन ठेवला. मला काही शिट्टी ऐकू आली नाही. दादा, मी त्यानंतर खूप रडले. चांगलं रडले. म्हणजे तुझं काम वाचलं, तुला आता काही सांगायला नको.

ता. क. शेवटचा. वरचं शेवटचं वाक्य मागे घेते, तुला सांगायला लागणारच आहे. आज सकाळी बाबांचा परत फोन. ‘तुझी ती सिद्धता सांग, उतरवून घेतो, सहावीतून वाट निघते का बघू.’ मी ओळीने सगळं सांगितलं, त्यांनी ओळीने लिहून घेतलं, परत वाचून दाखवलं, एक अक्षर चुकलं नाही. आणि दुपारी फोन: सहावीचं राहू दे, तुझी चौथीच चुकली आहे. चौथ्या ओळीत मी लिहिलंय की अ अधिक ब यांचा वर्ग हा दोन अ वर्ग अधिक दोन ब वर्ग यापेक्षा मोठा नसतो. बाबा विचारतात, मधले दोन अब कुठे गेले? हे दोन अब खाल्ले म्हणून त्यांनी आठवीच्या पोरांना बाकावर उभं केलंय. (तुलाही केलं होतं.) मी म्हटलं, बाबा, ते बरोबरचं चिन्ह नाही, ‘पेक्षा मोठं नाही’ असं आहे, दोन अब त्या जादा धरलेल्या अ वर्ग आणि ब वर्गात जिरतात. ते म्हणाले, गणितात काही जिरत नसतं. आणि आता ते चौथी ओळ दुरुस्त करायला बसलेत, ती झाली की पाचवीकडे वळणार आहेत. दादा, समितीपुढे स्वतःची चूक सांगितली, बसभर लोकांना कळवली. पण बाबांना त्यांची चूक सांगणं माझ्याच्याने व्हायचं नाही. हे तूच कर. गणितात बाबा चुकले आणि तू बरोबर, असा दिवस तुझ्या आयुष्यात पुन्हा उगवणार नाही. त्यांच्यापुढे उभा राहा, चौथी ओळ बरोबर आहे एवढंच म्हण, आणि त्यांनी ‘का’ विचारायच्या आत दुकानात नीघ.